पाण्यावर चालणारी मोटारसायकल

आमच्या पाडळखेड्यात सकाळ केळीच्या पानांतून गाळून येते. आधी सातपुड्याच्या कडेवर एक राखाडी रेघ उमटते. तिला उजेड म्हणावे की नाही, हे ठरवायला बराच वेळ मिळतो. मग कोवळा प्रकाश बागांच्या माथ्यावर टेकतो आणि तेथून खाली उतरायची त्याला घाई नसते. वरच्या पानातून तो हिरवा होऊन दुसऱ्या पानावर पडतो, दुसऱ्यातून अधिक हिरवा होऊन तिसऱ्यावर. वाऱ्याने फाटलेल्या पानांच्या चिरांतून मात्र तो तसाच पांढरा, सरळ मातीत येतो आणि ठिबकच्या काळ्या नळीवर थोडा वेळ बसून राहतो. रस्त्यापर्यंत पोहोचायला त्याला सात वाजतात.

त्या गुरुवारी त्या उजेडाला रस्त्यावर जागाच मिळाली नाही. पाराभोवती सारे गाव उभे होते आणि पाराच्या मधोमध पिवळेधमक चार घड लटकत होते.

"मंगळवारी मी माह्या हातानं हिरवे बांधले होते," कुंदाआत्या सांगत होती. "औषध नाही, भट्टी नाही. महाराजांच्या गाडीशेजारी ताडपत्रीखाली दोन रात्री ठेवले, अन पाहा."

कुंदाआत्या म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. तिचा नवरा वारल्यावर तिने डिझेलची लोडिंग रिक्षा घेतली, स्वतः चालवायला शिकली आणि गेली नऊ वर्षे ती रावेरच्या बाजारात माल पोहोचवते. तिचे घर त्या तीन चाकांवर उभे आहे.

घड पिवळे होणे हा चमत्कार ठरावा, हे केळीच्या गावातच घडू शकते. आमच्याकडे घड हिरवा कापतात, हिरवाच ट्रकमध्ये भरतात. तो पिवळा होतो दिल्लीत. रंग पालटताना कुणी पाहिलेलाच नसतो. केळी पिकवायची वखार गावात एकच, आमची, आणि तिचे दार आबा बंद ठेवतात.

खरा चमत्कार मात्र पारापुढे उभा होता. ती एक जुनी मोटारसायकल होती, झेंडूच्या माळांनी इतकी झाकलेली की तिचा रंग कुणाला सांगता आला नसता.

"बठ्ठा लोके मांगे सरका," महाराजांचा शिष्य झिपरू ओरडला. तो धुळ्याकडचा. "देवीनं वाहन शे, धक्का नका लावू."

जलाग्नीनाथ महाराज भगव्या गॉगलमधून गर्दीकडे पाहत उठले. "पाणी म्हणजे काय?" त्यांनी विचारले. कुणालाच माहीत नव्हते. "पाणी म्हणजे झोपलेली आग. पेट्रोल जमिनीतून निघतं, पाणीही जमिनीतून निघतं. मग दोघं भाऊ झाले की नाही?"

"झाले," गाव म्हणाले. या न्यायाने भुईमूगही त्यांचा चुलतभाऊ ठरत होता, पण ते कुणाला सुचले नाही.

त्यांनी टाकी उघडून आतला कोरडेपणा पहिल्या रांगेला दाखवला. मग तापीच्या पाण्याचा तांब्या तीत रिकामा केला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पुटपुटणे अंमळ लांबवले. झिपरूने किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.

गावाला जणू कुणी एकदम गुदगुल्या केल्या. म्हातारे हसू लागले, बायकांनी हात जोडले, एकाने आपल्या स्कूटरलाच मिठी मारली. इंजिन मात्र कुणीतरी आतून हातोडी मारावी तसे ठक् ठक् करीत होते, आणि धुपाच्या धुरातून लसणासारखा एक उग्र वास येत होता. जळगावच्या महाविद्यालयात मी इंजिनांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. तो ठोका माझ्या परिचयाचा होता. तो वासही. मी स्वतःला सांगितले, कुणीतरी धुपात लसूण टाकला असेल.

"उद्या आम्ही प्रस्थान ठेवणार," महाराज म्हणाले. "ज्याला हवं त्याने आज टाकी रिकामी करून, दक्षिणा ठेवून हे जल भरून घ्यावं. पण सात दिवस किल्ली फिरवायची नाही. जलाला जागं व्हायला वेळ लागतो."

"पहिली माही गाडी," आत्या म्हणाली.

ती टाकीचे झाकण काढू लागली तेव्हा माझे पाय आपोआप पुढे गेले. "आत्या, थांब. तुझी गाडी डिझेलची आहे."

"मंग?"

"डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत ते फवारले गेले की पेटते. शिवाय ते फवारणाऱ्या पंपाच्या आतल्या बारीक भागांना वंगणही तेच देते. पाणी पेटणारही नाही आणि वंगणही देणार नाही. पंप गेला की गाडी गेली."

"अरे, यांची चालली ना माह्या डोयासमोर. तू कॉलेजात बाटल्या धुतो, अन मले शिकवू राह्यला?"

लोक हसले. मीही हसलो; बाटल्या मी खरोखरच धुतो. समोर आबा उभे होते. ते हसत नव्हते. मी गप्प राहिलो असतो तर आमच्या घरातले सारे होते तसेच राहिले असते, आणि आत्याची रिक्षा आठव्या दिवशी कायमची बंद पडली असती. तिने झाकण बाजूला ठेवले होते.

"योगराजभाऊ," मी गावच्या मेकॅनिकला हाक मारली. "महाराजांच्या टाकीतले थोडेसे जल खालच्या नळीतून काढा. एवढे पवित्र आहे, तर प्रसाद म्हणून सर्वांना मिळू दे."

"देवीले त्रास व्हई," झिपरू आडवा आला.

"प्रसाद नाही म्हनते का देवी?" मागून एक म्हातारी म्हणाली. मग सगळेच प्रसाद मागू लागले. योगराजने माळा बाजूला सारल्या, पाना फिरवला आणि आरतीचे ताट खाली धरले. टाकीत स्वच्छ पाणी गेले होते. बाहेर आली दाट, पांढरी खळ. ताटातल्या हळदीवर ती पडली आणि हळद लालभडक झाली.

क्षणभर पुन्हा एकदा चमत्कार झाल्यासारखे झाले. काही हात जोडलेही गेले. पण आत्याने ताटात बोट बुडवले, हुंगले आणि सावकाश म्हणाली, "हयदीत चुना पडला म्हंजे कुंकू होते. हे मले महाराजांनी काहून शिकवावं?"

आता योगराजला कुणी थांबवले नाही. टाकीच्या मध्यावर पत्र्याचा पडदा निघाला, पडद्याला सुईएवढे भोक, आणि खाली कापडात बांधलेले करडे खडे. तेथून एक रबरी नळी माळांखालून थेट कार्बोरेटरच्या तोंडाशी गेली होती.

"कार्बाइड," मी म्हणालो. "त्यावर पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे चुना उरतो. गाडी पाण्यावर चालत नव्हती, त्या वायूवर चालत होती. चांगले पेट्रोल ठिणगीची वाट पाहते. या वायूला तेवढा धीर नसतो. तो वेळेआधी पेटतो, म्हणून ती ठकठक. ओलसर राहिलेल्या खड्यांतून दोन रात्री सुटलेला वायू ताडपत्रीत कोंडला, म्हणून घड पिवळे झाले. आणि पाण्याचे सांगायचे, तर जे एकदा जळून संपले ते पुन्हा जळत नाही. पाणी म्हणजे झोपलेली आग नव्हे. जळून गेलेल्या हायड्रोजन वायूची ती राख आहे."

गर्दीला हसू आले ते थांबेना. महाराजांनी चालत निघायचे ठरवले. झिपरूने गाडी लोटायला घेतली, तर लोकांनी आग्रहाने पाण्याचा आणखी एक तांब्या तिच्यावर ओतला आणि "सात दिवस किल्ली लावू नका, महाराज" असे बजावले.

आत्याने झाकण घट्ट लावले. मला म्हणाली, "तू बाटल्या धुवत जाय, जितू. बऱ्या धुतो."

मी तेवढेच सांगितले जे कुणीही सांगू शकेल: चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी टाकीखाली वाकून पाहा, वास ओळखीचा वाटला तर ओळख दाखवा, आणि जो किल्ली फिरवू नका म्हणतो त्याच्यासमोरच किल्ली फिरवा.

"पन एवढं कार्बाइड त्यानं आनलं कुठून?" योगराजने विचारले. "फळं पिकवायला तर बंदी हाये त्याले."

"वेल्डिंग करणाऱ्याकडून असेल," मी म्हणालो. ते सर्वांना पटले.

आबा निघून गेले होते. मी घरी आलो तेव्हा वखारीचे दार उघडे होते आणि ते आतला पत्र्याचा डबा उचलून अंगणात आणत होते. डबा अर्धाच भरलेला होता. आत तोच लसणाचा वास होता, ज्यात मी लहानाचा मोठा झालो.

कार्बाइड आमच्या वखारीतून गेले होते.