रेघ उठली

"बाबा, तुम्ही 'आलो ताई, आलो' असं कोणाला म्हणता हो?"

भिंगरीने प्रश्न टाकला आणि वळून मैत्रिणींकडे पाहिलं. चष्मीश आणि लांबोडी दारात एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या. विचारून दाखवलंस तर वर्गातला खिडकीजवळचा बाक महिनाभर तुझा, अशी पैज होती. तीन रविवार तिघी इथे अभ्यासाला बसत होत्या आणि तिन्ही रविवारी त्यांनी तेच पाहिलं होतं. बाबा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडत, पडद्यावर एक हिरवी रेघ हळूहळू वर चढू लागे, आणि कोणीही हाक मारलेली नसताना बाबा दचकून ओ देत. लांबोडीने ठामपणे सांगून टाकलं होतं, भूत आहे. तेही बाईचं.

"तुमच्या गणिताला म्हणतो," बाबा म्हणाले. "ते केव्हाचं हाका मारतंय. तुम्ही लक्ष देत नाही, म्हणून मीच ओ देतो बापडा."

मुली फिदीफिदी हसत घरी पळाल्या. भिंगरी मात्र हसली नाही. पंखा डोक्यावर गरगरत असताना बाबांच्या कपाळावर घाम होता.

बाबा औषधाच्या कारखान्यात होते. पेशींनी भरलेल्या टाकीत औषध तयार होई, पण ते गढूळ रश्श्यासारख्या पाण्यात मिसळलेलं असे. ते पाणी बारीक पांढऱ्या दाण्यांनी भरलेल्या जाड नळकांड्यातून, म्हणजे कॉलममधून, सोडायचं. दाणे औषध धरून ठेवतात, घाण वाहून जाते. मग दुसरं पाणी सोडून औषध मोकळं करून घ्यायचं. दाणे गच्च भरले की औषध खालून निसटू लागतं आणि पडद्यावरची रेघ उठते. रेघ जरा हलली की थांबायचं, एवढ्या एका गोष्टीवर बाबांची बावीस वर्षं गेली होती.

आता कारखान्यात नवी रीत आली होती. एकाऐवजी चार कॉलम, गोलात जोडलेले, काम न थांबवता चालणारे. पहिला काठोकाठ भरू द्यायचा. त्यातून निसटेल ते दुसरा धरतो. तोवर तिसऱ्याची धुलाई, चौथ्यातून औषध बाहेर. मग सगळे एकेक घर पुढे. नव्या इंजिनिअरबाईंनी सरावासाठी एक प्रोग्रॅम दिला होता. परीक्षा मंगळवारी. पास झाले तर चार कॉलमवर, नाहीतर बाटल्या धुण्याच्या विभागात.

आणि वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून भिंगरीला वाटत होतं, जगातली कुठलीही गोष्ट आपण कोणालाही शिकवू शकतो. मग बाबांना का नाही?

"हं, चला, पुन्हा," ती टेबलावर चापट मारून म्हणाली. "रेघ सत्तरला गेली की मशिन आपोआप कॉलम बदलतं. तुम्ही काय करायचं?"

"काही नाही करायचं."

"काही म्हणजे काहीही नाही. हाताची घडी."

बाबांनी शहाण्या मुलासारखी हाताची घडी घातली. रेघ हलली. पाच. आठ. बाबांचे ओठ पुटपुटले. अकराला घडी सुटली आणि बोट लाल चौकोनावर आदळलं. सगळं थांबलं.

"बाबा! अहो, काय हे! दुसरा कॉलम काय शोभेला ठेवलाय? एक थेंब वाया जात नव्हता!"

"मला समजतं गं."

"समजतं तर मग दाबता कशाला? सलग सतरा वेळा!"

"ती ओरडते," बाबा म्हणाले. "मी काय करू?"

आई पलंगापाशी इस्त्री करत होती. तिची इस्त्री थांबली.

"पोरीसमोर नको," आई म्हणाली.

"कोण ओरडतं?" भिंगरीने विचारलं. पैज केव्हाच संपली होती. आता तिला खरंच भीती वाटत होती.

बाबांनी लॅपटॉप अर्धा मिटला. "गाळणीताई. तुला आठवायची नाही. मला हे काम तिनं शिकवलं. तिच्या नजरेतून काही निसटायचं नाही म्हणून सगळे गाळणीताई म्हणायचे. एकदा ती जेवायला गेली. म्हणाली, रेघेकडे बघ रे. मी बघत होतो. तेवढ्यात बाहेर घरून फोन आलाय, असा निरोप आला. खोलीत फोन न्यायला बंदी, म्हणून बाहेर गेलो. तू होतीस. पाच वर्षांची. पहिला दात पडला होता तुझा, आणि तू तो मला फोनवर दाखवत होतीस."

"फोनवर?"

"फोनवर. 'दिसला का बाबा?' मी म्हणतोय, दिसला हं, दिसला. ताई परत आली. काचेतून तिला पडदा दिसला. तिथूनच ओरडली, 'रेघ उठली रे!' मी म्हटलं, 'आलो ताई, आलो.' आणि गेलो नाही. तू दुसरा दात हलतोय म्हणून सांगत होतीस. ती आत जायचा स्वच्छ झगा अंगावर चढवून पोचेपर्यंत अख्खी टाकी गटारात."

भिंगरीची जीभ नकळत समोरच्या दातांवर फिरली.

"चौकशी झाली. ताईनं स्वतःचं नाव लिहून दिलं. म्हणाली, तुझं लेकरू लहान आहे, मला मूलबाळ नाही. मी गप्प बसलो. तिला बाटल्यांवर टाकलं. दोन वर्षांनी वारली."

"म्हणजे शाळेजवळच्या गल्लीतले ते शिंपीकाका..."

"तिचे यजमान."

भिंगरीला एकदम सगळं दिसलं. बाबा शिंपीकाकांच्या गल्लीतून कधीच जात नसत, बाजाराला जायचं तर शाळेला वळसा घालून. एकदा काका भाजीवाल्यापाशी समोर आलेच, आणि हात जोडून म्हणाले होते, "आमच्या हिच्या चुकीमुळे तुम्हालाही बोलणी खावी लागली. राग ठेवू नका." बाबा भोपळा हातात धरून उभेच राहिले होते. तेव्हा भिंगरीला वाटलं होतं, किती भला माणूस आहे आपला बाप.

"त्यांना अजून तसंच वाटतं?"



"झालं गेलं," आई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. परवा परीक्षा आहे त्यांची. आता नोकरीवर गदा आली तर?"

"आई, तुला माहीत होतं?"

आईने कॉलर उलटी करून पुन्हा इस्त्री फिरवली. ती आधीच कडक झाली होती.

बाबांनी लॅपटॉप उघडला. रेघ पुन्हा तळापासून निघाली. या वेळी ते हाताच्या मुठी मांड्यांखाली दाबून बसले. नऊ. अकरा. चौदा. भिंगरीने कान दिले. इस्त्रीची वाफ, पंखा, खालच्या मजल्यावरचा नळ. बाबांचा चेहरा मात्र काचेवर कोणी थापा मारत असल्यासारखा आक्रसत गेला.

"आलो," ते अगदी हळू म्हणाले, आणि हात सुटला.

भिंगरी उठली. वक्तृत्वासारखं या वेळी पाठांतर नव्हतं. तिने चपला घातल्या, ओढणी सारखी केली आणि दार उघडून दोघांकडे वळली.

"मी शिंपीकाकांकडे चाललेय," ती म्हणाली. "ताईंची चूक नव्हती, हे आज त्यांना कळणार. बाबा, तुम्ही आलात तर तुम्ही सांगा. नाही आलात तर मी सांगेन. खाली जिन्यापाशी पाच मिनिटं थांबते."