परीक्षकांच्या शोधात

रसायनशास्त्राच्या बाई कॉलेजात आल्या आल्या आधी संगणक उघडायच्या, मग पंखा लावायच्या. शाळांच्या नळांतून येणाऱ्या शिशावर त्यांनी तीन वर्षं घाम गाळून लेख लिहिला होता. तो एका संशोधनपत्रिकेकडे गेला आणि पत्रिकेच्या संकेतस्थळावर एकच ओळ महिनाभर ठाण मांडून बसली : ‘परीक्षकांच्या शोधात’. म्हणजे छापण्याआधी लेख तपासून देणारे जाणकार अजून मिळाले नव्हते.

‘‘शोधतायत कसले, झोपलेत सगळे,’’ ग्रंथालयात येऊन बाई करवादल्या. ‘‘लेख मागे घेते मी. दुसरी एक पत्रिका आहे, चार दिवसांत छापते. तपासणीची भानगडच नाही.’’

ग्रंथपालबाई निवृत्तीला आलेल्या. असे घायकुतीला आलेले लेखक त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

‘‘न तपासलेला लेख वाचून कुठली शाळा नळ बदलेल गं?’’ त्यांनी शांतपणे विचारलं. ‘‘आणि संपादकांना लेख बरा वाटला, म्हणूनच ते परीक्षक शोधतायत. नाहीतर केव्हाच परत आला असता. आता कुणी जाणकार ‘हो’ म्हणायला हवा. तोही तुझ्यासारखाच, तास घेऊन, पेपर तपासून, वर हे फुकट वाचणारा.’’

‘‘मग जमत नसेल तर तसं कळवावं ना माणसानं.’’

‘‘कळवावंच. तुला आलंय का, ‘अमुक लेख तपासून द्याल का’ असं विचारणारं पत्र?’’

बाईंना एकदम आठवलं. आलं होतं. त्याच पत्रिकेकडून, तीन आठवड्यांपूर्वी. सवडीनं बघू म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं होतं. म्हणजे कुठेतरी कुणीतरी रोज सकाळी हीच ओळ वाचत होतं, आणि ती हलत नव्हती आपल्यामुळे! बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेख मागे घ्यायचं त्यांनी डोक्यातून काढून टाकलं. त्याच दुपारी माफी मागून होकार कळवला. दोन रविवार खर्चून तो परका लेख वाचला, तक्त्यातली एक चूक हेरली आणि दोन पानी अभिप्राय लिहिला, कुणाचं मन न दुखवता.

पुढे त्यांची स्वतःची ओळ बदलली : ‘मोठी दुरुस्ती आवश्यक’. बाईंचा चेहरा उतरला.

‘‘नाकारलाय असं कुठं म्हटलंय?’’ ग्रंथपालबाई हसल्या. ‘‘नीट करून आण म्हणतायत.’’

एका निनावी परीक्षकानं विचारलं होतं, रात्रभर नळात साचलेलं पहाटेचं पहिलं पाणी का तपासलं नाही? प्रश्न बिनतोड होता. बाई चौदा शाळांत पुन्हा गेल्या, शिपायांच्याही आधी. त्या पाण्यात शिसं दुपटीनं निघालं. सुधारलेला लेख स्वीकारला गेला आणि छापून आल्यावर सहा शाळांनी नळ बदलले. ग्रंथपालबाईंनी तो अंक दारासमोरच्या फळीवर मांडला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, ‘‘आमच्या बाईंचा आहे.’’ बाईंचा ऊर भरून आला. पण त्यांना खरा अभिमान होता तो पहाटेच्या पाण्याच्या तक्त्याचा.

वाचकहो, आपलं काम कुणापाशी अडलंय, हे आपल्याला चटकन दिसतं. आपल्यापाशी कुणाचं अडलंय, हेही रोज एकदा बघत जाऊ या.