चौथा दिवस

तुळसाने बरणीवरचं फडकं सोडलं आणि ती तशीच थांबली. कैरीच्या फोडींवर पांढरी लव उगवली होती, मांजराच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी मऊ.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “हितं वायंच बघा.”

वर्ग शिकवणाऱ्या सावित्रीने वाकून पाहिलं. मे महिन्याच्या सुटीत रिकाम्या पडलेल्या शाळेच्या त्या खोलीत आंब्याच्या रसाचा वास इतका दाट साचला होता की बायका त्यातून पोहत असल्यासारख्या हलत होत्या. चुलीवर कोकमाचा पाक बुडबुडत होता. खिडकीतून माडांमधला समुद्राचा चकाकता तुकडा आत येतो आहे आणि पुन्हा मागे सरतो आहे, असं तिला मघापासून वाटत होतं. रात्रभर झोप नव्हती. पोराचे दात येत होते. पहाटे अंगाखाली ओल लागली तेव्हा तिला वाटलं, पोरानेच केलं. पोर कोरडंच होतं.

बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. सासूला, आनंदीबाईंना, तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चार दिवस पडवीच्या बाहेर पाऊल नाही. आणि आज साहेब तपासणीला यायचे होते.

हा वर्ग सरकारी होता. महिनाभर फळांचे पदार्थ शिकायचे, पास झालं की दाखला. दाखला असला तर रत्नागिरीतल्या आंब्याच्या कारखान्यात काम मिळायचं. तुळसाला ते हवंच होतं. नवरा मुंबईत होता खरा, पण त्याची गिरणी बंद पडून वर्ष उलटलं होतं.

पास कोणाला म्हणायचं, हे मात्र आधी कुठेच ठरलेलं नव्हतं. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी मोडकसाहेबांनी सावित्रीला बोलावून घेतलं होतं. “तुम्ही बी. ए. आहात. निकष लिहून काढा. मोजता येतील असे.” तिने लिहिले. पाकाला तार किती, झाकण कसं, लोणच्याला बुरशी धरता कामा नये. शेवटी साहेब म्हणाले, “हजेरी. तीन दिवस गैरहजर चालेल. चौथ्या दिवशी नाव कमी.”

“साहेब, बायकांना चार...” आणि तिने वहीचं पान उलटलं होतं.

“चार काय?”

“चार कामं असतात घरी.”

“कुणाला नसतात?” साहेब म्हणाले होते.

मग वर्ग सुरू झाला, आणि झाडावरचा मोहर रात्रीत गळावा तशा बायका गळत गेल्या. त्या दिवसांत लोणच्याच्या वाऱ्याला कोण उभं राहणार? साहेबांनी शेरा मारला, बायकांना चिकाटी नाही. उरल्यासुरल्यांत गोदूबाईसारख्या, ज्यांचं ते कधीच सुटलं होतं, आणि तुळसासारख्या दोघीचौघी.

जीपचा आवाज आला. साहेब आत आले, रुमालाने मान पुसत एकेक बरणी बघत तुळसापाशी थांबले.

“ही गेली. निकषात बसत नाही.”

“नापास करा, साहेब,” तुळसा म्हणाली. तिने पदर दोन्ही हातांत घट्ट धरला होता. “बरनीचा दोस नाय. माजाच हाय. बरनी भरली त्या दिवशी मी यायची नव्हती. पन आधीच तीन दिवस पोराच्या तापात गेलेले. नाव कमी झालं आसतं म्हनून आले.”



“आगो मेले!” गोदूबाई म्हणाली. “आनि आमच्याच परातीत हात घातलास? आता ह्या बरन्या घरात कोन घेईल?”

बायका एकेक पाऊल मागे सरल्या. तुळसाभोवती जमीन मोकळी पडली. साहेब भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाकडे वळले आणि बोट लावून गावं शोधायला लागले.

सावित्रीला वाटलं, आपण दुरून, पाण्याखालून हे बघतो आहोत. सकाळी आपल्या पोराचं अंग कढत लागलं तेव्हा तिच्याही मनात येऊन गेलं होतं: आपण शिवलो म्हणून तर नव्हे? एवढं शिकूनसुद्धा. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“गोदूमावशी, आज मीठ चाखायला सगळ्यांच्या बरण्यांत चमचा कोणी घातला?”

“तुमी.”

“मी बाहेरची आहे. पहाटेपासून.”

साहेबांचं बोट राजापूरपाशी थांबलं.

“आगो बाय माजे,” गोदूबाई खाली बसली. “सासूला म्हायत हाय?”

“नाही.”

“मंग आमच्या पन बरन्यांवर लव येनार?” गंगा नावाच्या पोरीने विचारलं, आणि तिलाच हसू फुटलं.

“बघू या की. तुळसाची बरणी ओली राहिली होती. मळभ होतं, ऊन लागलं नाही तिला.”

“आठ दिसांनी कळंल,” गोदूबाई म्हणाली. पटलं नव्हतंच तिला.

साहेब खाकरले. “तर मग परत भरू दे हिला. उद्याच. निकाल सगळ्यांचाच आठ दिवसांनी.” नकाशाकडे बघतच ते पुढे म्हणाले, “आणि ते हजेरीचं. चार करा. कारण लिहायला नको.”

“पाच करा, साहेब. पाचव्या दिवशी न्हाऊन निघेपर्यंत एस. टी. चुकते.”

“बरं, पाच.”

“आणि ज्यांची नावं गेली?”

“पुढच्या वर्षी बघू,” साहेब म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले.

तुळसाने बुरसटलेल्या फोडी परसात नेऊन पुरल्या. बरणी घासून पायरीवर उपडी घातली आणि उन्हात तिच्या शेजारीच बसून राहिली.

गोदूबाई आधीच्या गाडीने गेली. ती सावित्रीच्याच वाडीतली. सावित्री घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. छाती दुधाने ठणकत होती. पडवीच्या कोपऱ्यात चटई पसरलेली होती, उशाला पाण्याचा तांब्या. आनंदीबाई पोराला घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या.

“गोदू येऊन गेली,” त्या म्हणाल्या.

सावित्री अंगणातच उभी राहिली. “आई, त्याचं अंग?”

“निवालं. दात आलाय. माझ्या बोटाला लागला.”

“उद्या मला जायचंय, आई. एकीची बरणी भरायची आहे.”

आनंदीबाईंनी पोराला मांडीवर आडवं घेतलं आणि झबल्याचे बंद सोडायला लागल्या. विटाळ लागतो तो कापडातून. उघड्या पोराला तो नसतो, असं त्यांच्या माहेरी मानत. एक बंद गाठला होता, तो त्यांनी दातांनी सोडवला. झबलं घडी करून आत ठेवलं. मग ते उघडं पोर त्यांनी पडवीच्या सारवलेल्या जमिनीवर सोडलं आणि मान वळवून आतल्या अंधाराकडे बघत राहिल्या.

सावित्री चटईवर टेकली. पोर दोघींच्या मधे क्षणभर बसलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग जमिनीवर तळवे आपटत रांगत निघालं.