आईचे आधीचे गाल

आईचे गाल भरून घ्यायचे, ही टूम हेरिमचीच. लग्न ठरलं होतं, दोन्ही घरांच्या पहिल्या भेटीचा दिवस जवळ येत होता, आणि होणारी सासू चेहरा बघून माणसाचं नशीब सांगणाऱ्यांपैकी. बसलेली गालफडं म्हणजे फुटकं नशीब, हे त्या बाईंचं ठाम मत. हेरिमच्या आईने, ओक्बुनने, मोक्पोच्या बाजारात उभा जन्म सुकी मासळी विकली. तिचे गाल समुद्राच्या वाऱ्याने पार खाल्ले होते. मुलांनी आईबापांना असं नवं रूप भेट द्यायचं आणि लोकांनी 'काय गुणाची लेक' म्हणायचं, ही त्यांच्याकडची रीतच. त्या रितीआड हेरिमची लाज छान झाकली गेली.

मांडीतली चरबी काढून गालांत भरली. ओक्बुन टवटवीत दिसू लागली, भेट थाटात पार पडली. तिथे थांबायचं की नाही? पण भरलेली चरबी पुढे जिरते, म्हणून उरलेली दवाखाने गोठवून ठेवतात. लग्न जवळ आलं तशी हेरिमला नेमकी ती आठवली.

"पुरे गं आता," ओक्बुन म्हणाली होती. "गोठवलेला मासासुद्धा मी दोनदा हुंगून मग घरात आणते."

"आई, तुझीच तर आहे. वाया कशाला घालवायची?"

तीही भरली, आणि महिन्याभरात गाल लाल झाले, आत गाठी धरल्या, मग पू झाला. दवाखान्याने आधी साधी सूज म्हणून बोळवण केली, आणि नंतर फोनही उचलेना. सोलच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर मिन बाईंनी गाठी चाचपून स्पष्टच सांगितलं. जंतू चिवट आहेत, औषधं कित्येक महिने चालतील, आणि तोंडाच्या आतून चीर देऊन मेलेली चरबी काढावी लागेल. लग्न पुढे गेलं. हेरिमला त्याचं काही वाटेना. आईचा चेहरा परत मिळावा, एवढंच तिला हवं होतं.

"यांचा आधीचा फोटो आहे का?" मिन बाईंनी विचारलं. "किती काढायचं याचा अंदाज येईल."

हेरिमने फोन उघडला. जेवणं, मैत्रिणी, होणारा नवरा. आई कुठेच नाही. तेवढ्यात ओक्बुनने आपला फोन पुढे केला. "हा बघा, हिला पदवी मिळाली तेव्हाचा. हिनेच पाठवला होता."

फोटोत झगा घातलेली हेरिम होती आणि कडेला फुलांचा गुच्छ धरलेला एक हात. बाकीची आई हेरिमनेच कापून टाकली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हात बरा आलाय," ओक्बुन म्हणाली. "नाहीतर फोटो हवाय कशाला, डॉक्टरीणबाई? हिच्याकडेच बघा. सगळे म्हणायचे, माझंच तोंड घेऊन आलीय."

मिन बाईंनी हेरिमचं तोंड उजेडाकडे वळवलं, गालाच्या हाडावरून अंगठा फिरवला आणि त्या थबकल्या.

"हे गाल तुमचेच ना?"

'हो' म्हणता यावं यासाठी हेरिमने त्या क्षणी काय वाटेल ते दिलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "कॉलेजची प्रवेशपरीक्षा झाल्यावर करून घेतले. आईनेच बक्षीस दिलं होतं."

मिन बाईंनी हात मागे घेतला. ओक्बुन लेकीकडे बघत राहिली.

"अगं हो की. मी विसरूनच गेले होते," ती म्हणाली. "मला तू अजून तशीच दिसतेस."