कडा ठीक!

"आज जरा खणखणीत ओरडा हं, कुराता-सान! घसा गंजला नसला म्हणजे मिळवली!"

रुळांखालच्या पायवाटेवरून फुमिए चहा घेऊन वर येत होती. कुराताने हसल्यासारखं केलं.

पुरात पूल वाहून गेला, डोंगराचा कडा खाली आला, तेव्हापासून दरीतली गाडी बंद होती. 'बस नको, रेल्वेच हवी' म्हणून गाववाल्यांनी सरकारच्या नाकी नऊ आणले, तेव्हा कुठे आज ती पुन्हा सुटणार होती. पहिल्या गाडीआधी रूळ चालत तपासायला पुरानंतर निवृत्त झालेल्या कुराताला मुद्दाम बोलावलं होतं. मान म्हणे!

काम साधं. ठिकठिकाणी थांबायचं, बोट दाखवायचं आणि जे पाहिलं ते मोठ्यानं म्हणायचं. 'सांधा ठीक! पूल ठीक! कडा ठीक!' डोळे चुकले तर तोंडाने सावध करावं, म्हणून ही रीत. पण आयुष्यभर तेच म्हटलं की तोंड डोळ्यांसाठी थांबत नाही. पुराच्या त्या सकाळी पाऊस चेहऱ्यावर सपासप मारत होता. मान खाली घालून चाललेल्या कुराताचं बोट सवयीने वर गेलं, तोंड 'कडा ठीक!' म्हणालं आणि पाय पुढे निघाले. कडा सुटण्याआधी झिरपतं तसं गढूळ पाणी त्यातून झिरपत होतं की नव्हतं, हे त्याला आजही ठाऊक नाही. दुपारी कडा फुमिएच्या घरावर आला. घरात तिचा नवरा तामेजी होता.

पाऊसच तसा होता, असं चौकशीत ठरलं. कुराताला कुणी खोदून विचारलं नाही आणि तोही बोलला नाही. तेच त्याला आतून खात होतं.

"एक सांगू?" पेला त्याच्या हातात देत फुमिए म्हणाली. "त्या दिवशी मी शाळेत जाऊन बसले होते, सगळ्यांबरोबर. यांना फोन केला, या म्हटलं इकडे. तर म्हणतात कसे, 'कुराता सकाळीच ओरडून गेलाय, कडा ठीक म्हणून. तू उगाच जीव काढू नकोस. लोणच्याच्या बरण्या तेवढ्या वर ठेवतो.'"

कुराताच्या हातातला चहा हिंदकळला.

"भाजलं का? गरम आहे हो. लोकांना वाटतं, बिचारे घाबरत गेले असतील. छे! तुमच्या भरवशावर निवांत होते. मला तेवढंच पुरतं."

"फुमिए-सान, त्या दिवशी मी..."

"तुम्ही तुमचं काम केलंत. आज मी दार उघडं ठेवलंय. त्यांच्या फोटोपर्यंत आवाज गेला पाहिजे."

ती पलीकडच्या नव्या घराकडे उतरली. कुराताने तिला हाक मारली नाही. आपण भेकड आहोत, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं.

कमरेचा वायरलेस खरखरला. स्टेशनमास्तर सोबुए होते. "कुराता-सान, झोपलात की काय? पाहुणे डब्यात बसलेत, बँडवाले ताटकळलेत. कडा कसा आहे?"

कुराताने मान वर केली. कड्यावर नव्याने बसवलेली जाळी पाहिली, तिचे खिळे पाहिले, आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या एकेक करून पाहिल्या. पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. कुठे ओल नाही, कुठे तडा नाही. कडा खरोखरच ठीक होता.

त्याने बोट उचललं.

"कडा..."

पुढचा शब्द येईना. खाली उघड्या दारात फुमिए हात जोडून उभी होती.