मधल्या रांगेतली सीट

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला एक अक्षरही शिकवलं नव्हतं. पस्तीस वर्षं ते गाड्यांच्या सीटा शिवत आले होते, आणि गिऱ्हाइकांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. सीटवर नुसती मूठ दाबली तरी आत फोम कसला आहे, किती दिवस टिकेल, हे ते सांगायचे.

म्हणून मुलीने मोठी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा ती आधी त्यांच्याकडे आली. तिच्या सासरी सात माणसं. कुठे जायचं म्हटलं की जुन्या गाडीच्या दोन फेऱ्या व्हायच्या.

"गाडी पळते कशी ते मी बघते, बाबा. बसायला कशी आहे ते तुम्ही सांगा." मग आतल्या खोलीकडे बघत ती हळूच म्हणाली, "आईलाही नेऊ. तिला कशात बसवतंय ते कळेल."

आईचा आजार पाठीच्या कण्यात उतरला होता. आता औषधं फक्त दुखणं कमी करण्यासाठी, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिचं मागणं एकच होतं. धाकट्या बहिणीकडे जायचं. रस्ता चार तासांचा, पण अकरा वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. दोघी बहिणींची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा सगळं हिनेच केलं. धाकटी आली ती शेवटच्या आठवड्यात. दमलेली ही सगळ्यांसमोर बोलून गेली, "पाहुणीसारखी आलीस, पाहुणीसारखी जा." धाकटी गेली, ती गेलीच.

"मी फोन लावून देतो," मास्तर कितीदा तरी म्हणाले होते.

"नको. तोंड माझं सुटलं होतं. जायचं तर मीच जायचं."

एका रविवारी सकाळी तिघं गाड्या बघायला निघाली. पहिली गाडी दिसायला रुबाबदार, पण उंच. बायकोने एक पाय पायरीवर ठेवला आणि दांडा धरून नुसतीच धापा टाकत उभी राहिली. मास्तर तेवढ्यात वाकून, अंग चोरून सगळ्यात मागच्या रांगेत शिरले. गुडघे हनुवटीला लागले.

"इथे माणसं बसवायची की बॅगा?"

"सर, ती मुलांसाठी आहे," सेल्समन म्हणाला.

"मुलं वाढतात हो."

दुसरीत मधे लांबलचक सलग सीट होती. तिघं ऐसपैस बसतील एवढी. मास्तरांनी खिशातून टेप काढला, पाठीपासून सीटच्या कडेपर्यंत मोजलं आणि मान हलवली. "बैठक आखूड आहे. मांडी अर्धी अधांतरी राहते. तासाभरात सगळा भार कमरेवर येणार." मग बायकोचे गुडघे आणि पुढची सीट यांच्यात किती बोटं बसतात ते बघितलं, तिच्या पाठीमागे हात घालून पोकळी चाचपली, टेप पुन्हा लावला.

"लग्नाआधी मला बघायला आलात तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणालात," ती म्हणाली. "या सीटचं नशीब बघा."

मुलगी हसली. सेल्समनही हसला. मास्तर मोजतच राहिले.

तिसऱ्या गाडीत मधल्या रांगेत दोन सुट्या सीटा होत्या, दोन्हीकडे हात टेकायला जागा. बायको फारसं न वाकता आत सरकली. मास्तरांनी शेजारच्या सीटवर मूठ दाबली. "फोम मऊ आहे. वर्षभरात बसेल. शिवाय ही शिलाई..."

"बाबा, शू!"

बायकोची मान कलली होती, तोंड किंचित उघडं पडलं होतं. तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि आता, भर दुकानात, फोन वाजत असताना ती गाढ झोपली होती. सेल्समन एसीबद्दल सांगायला पुढे आला. मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं. वीस मिनिटं तिघंही गाडीभोवती राखण केल्यासारखी उभी राहिली.

"हीच घे," मास्तर म्हणाले.

गाडी मिळायला पाच आठवडे लागणार होते. परत येताना मुलीने विचारलं, "जुन्या गाडीत तिला एवढा वेळ बसवणार नाही. तोवर टॅक्सी करून मावशीकडे जाऊन यायचं का?"

"टॅक्सीच्या सीटवर तिचे हाल होतील. पाच आठवड्यांचाच तर प्रश्न आहे."

बायको खिडकीबाहेर बघत होती. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

पहिल्या आठवड्यात ती भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जायची. तिसऱ्यात खुर्चीत बसवावं लागायचं. पाचव्यात गाडी दारात आली तेव्हा कुशीवर वळायलाही तिला दोघांचा हात लागत होता.

मास्तरांनी दुकान बंद ठेवून एक उशी बनवली. खाली कडक फोम, वर मऊ, आणि जिथे कणा दुखायचा तिथे पोकळी. तीनदा कापली, तीनदा शिवली. गुरुवारी सकाळी तिला उचलून त्यांनी सीटवर ठेवलं. मुलगी गाडी चालवायला बसली.

पहिला तास ती बोलत होती. धाकटी लहानपणी कशी रुसायची, रुसून कपाटात कशी बसायची, ते सांगत होती. दुसऱ्या तासात गप्प झाली. मास्तरांनी बघितलं तर तिची बोटं हाताच्या टेकणीवर पांढरी पडली होती.

"अहो, थांबवायला सांगा."

मुलीने पेट्रोल पंपाशेजारी, झाडाच्या सावलीत गाडी घेतली. सीट मागे केली, उशी सरकवली, गोळी दिली.

"आता पुढे नाही जमायचं," बायको म्हणाली. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. "पण लगेच मागेही नका नेऊ."

मास्तर खाली उतरून पंपाच्या भिंतीपर्यंत गेले आणि यावेळी तिला न विचारता फोन लावला. "हॅलो" म्हणताच पलीकडून आवाज आला, "भावजी?" त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. धाकटीने एवढंच विचारलं, "नक्की कुठे आहात?"

दोन तासांनी टॅक्सी येऊन थांबली. धाकटीचे केस पांढरे झाले होते. गाडीचं दार उघडून ती शेजारच्या सीटवर बसली.

"चिमे, अर्ध्यापर्यंतच आले गं," बायको म्हणाली.

"उरलेला रस्ता माझ्या वाटचा होता, ताई."

मास्तरांनी दार लावून घेतलं. काचेतून दोन डोकी एकमेकींकडे झुकलेली दिसत होती. मुलीने आणलेला चहा त्यांच्या हातातच निवून गेला.

धाकटी अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांच्याबरोबर आली आणि एकोणीस दिवस ताईच्या उशाशीच होती. विसाव्या दिवशी सकाळी ती चमच्याने ताईचे ओठ ओले करत असताना ताईने शेवटचा श्वास घेतला. मास्तर पायाशी बसले होते.

चार दिवसांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी ओसरली. दुपारी स्वयंपाकघरात मास्तर आणि धाकटी दोघंच होती. मास्तर एकाएकी म्हणाले, "पहिल्या आठवड्यात टॅक्सीने नेलं असतं ना, तर पोहोचली असती ती. तुझ्या घरात, तुझ्या पलंगावर बसली असती. चालत होती तेव्हा. मी सीटा मोजत बसलो."

"भावजी..."

"पोरीने विचारलं होतं. मीच नको म्हणालो. हिला त्रास नको म्हणून."

धाकटीने पदराने डोळे पुसले. "तुमचे पाच आठवडे गेले," ती म्हणाली. "इकडे येणारी बस रोज सकाळी माझ्या दारावरून जाते, भावजी. अकरा वर्षं मी ती बघत होते."

मास्तरांनी खुर्ची ओढली, तिच्याजवळ बसले, आणि बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच, कुणासमोर तरी, मोकळेपणाने रडले.