समासातली नोंद

फॉर्ममधला सातवा प्रश्न अगदी साधा होता. तुमच्या पतीचा याआधी विवाह झाला होता का?

मधुमतीबाई अजून तिथपर्यंत पोचल्या नव्हत्या. डॉक्टर पद्माकर दातार जाऊन सात आठवडे झाले होते. पेन्शन ऑफिसचे कागद लीड्सच्या त्या घरात डायनिंग टेबलावर पडून होते आणि उल्का, त्यांची एकुलती एक मुलगी, रोज नवं कारण काढून ते लांबणीवर टाकत होती.

खरं कारण तिच्या पर्समध्ये होतं. बाबांच्या वैद्यकाच्या पुस्तकांमागे तिला करड्या कापडी बांधणीचं एक लहानसं जर्मन पुस्तक सापडलं होतं. आत बाबांचं नाव, रेनाटे नावाच्या एका बाईचं नाव, मारबुर्ग शहराचा शिक्का आणि १९५६ साल. बाबा इंग्लंडला येण्याआधी काही वर्षं जर्मनीत शिकायला होते, एवढंच घरात ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात ती ते घेऊन लायब्ररीतल्या कुळशोध मंडळात गेली होती. तिथे दर गुरुवारी मूळच्या जर्मन असलेल्या अर्सुला बूथ बसायच्या. युद्धानंतर एका यॉर्कशरच्या सैनिकाशी लग्न करून त्या लीड्सला आल्या, त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली होती.

"आमच्याकडे आधी सरकारी कचेरीतलं लग्न, मग चर्च," त्या पानं उलटत म्हणाल्या. "कचेरीत सह्या झाल्या की हे पुस्तक जोडप्याच्या हातात पडतं. पुढे मुलं झाली, कुणी गेलं, की यातच लिहून आणायचं."

"पण यात डिव्होर्सचं काहीच नाही."

"नसणारच! मोडलेलं लग्न लिहून घ्यायला पुस्तक काखेत मारून कोण जातंय? खरी नोंद कचेरीतल्या रजिस्टरात असते. लग्नाच्या शेजारी, समासात. तू मुलगी आहेस, तुला नक्कल देतील. फक्त साधा दाखला मागू नकोस. समासासकट अख्खं पान माग."

"आणि समास कोरा निघाला तर?"

अर्सुलाबाईंनी चष्मा काढला. "तर शेवटपर्यंत ते तिचेच नवरे होते."

त्याच दिवशी उल्काने मारबुर्गच्या कचेरीला पत्र टाकलं. समास कोरा असेल तर आई कोण होती? तीस वर्षं ज्यांचं पथ्यपाणी सांभाळलं, शेवटचे चार महिने ज्यांच्या उशाशी बसून काढले, त्यांची ती कोण? आणि त्या बिचारीने सातव्या प्रश्नापुढे 'नाही' लिहून खाली सही केली तर?

जर्मन शिक्क्याचा लिफाफा शनिवारी सकाळी आला. आई स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होती. उल्का जिना चढून बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावून तिने लिफाफा फाडला.

समासात तीन ओळी होत्या. लायब्ररीतून आणलेला जर्मन शब्दकोश मांडीवर उघडून तिने त्यांचा अर्थ लावला. सहा एप्रिल १९६१ चा निकाल, एकोणीस मे रोजी अंतिम. विवाह विसर्जित.

ती भिंतीला टेकली. मोकळा झाला होता माणूस! मग तिच्या डोळ्यांपुढे जिन्यातला फोटो आला. मुंडावळ्या बांधलेले आई-बाबा आणि खाली आजोबांच्या अक्षरात: पुणे, सात मे १९६१.

तिने जिन्याखालच्या फोनवरून दबक्या आवाजात अर्सुलाबाईंना विचारलं, "दोन तारखा आहेत. कुठली खरी?"

"दुसरी. मधल्या दिवसांत अपील होऊ शकतं. तोपर्यंत माणूस विवाहितच."

बारा दिवस. निकाल लागला म्हणजे सुटलो, असं समजून बाबा पुण्याला जाऊन बोहल्यावर उभे राहिले होते.

"उल्के, पोहे निवतायत!" आईने हाक मारली. "आणि आज तो फॉर्म संपवायचाच. तुझ्या बाबांसारखी चालढकल नको."

टेबलावर आईने चष्मा लावला आणि पेन उघडलं. नाव, जन्मतारीख, पत्ता. लग्नाची तारीख आली तसं पेन थबकलं.

"कुठली लिहू गं? हे सात मे दरवर्षी विसरायचे. बावीस सप्टेंबरला मात्र न चुकता फुलं. मी म्हणायचे, त्या कारकुनालाच द्या नेऊन!"

उल्काचा घास हातातच राहिला. लीड्सच्या रजिस्टर ऑफिसातलं ते दुसरं लग्न. पासपोर्टसाठी करावं लागलं, असं तिला लहानपणापासून सांगितलं होतं. त्याच वर्षीचा सप्टेंबर, म्हणजे मेमधल्या अंतिम निकालानंतरचा! बाबांना चूक कळली होती. कचेरीतलं लग्न तेच खरं, हे जर्मनीत शिकलेल्या माणसाने ती चूक कचेरीतच निस्तरली होती.

"आई, त्या लग्नाचं सर्टिफिकेट कुठे आहे?"

 मधुमतीबाईंनी उठून कपाटातून एक पाकीट आणलं. उल्काने कागद उलगडला. वराच्या नावापुढे, वैवाहिक स्थितीच्या रकान्यात, सुबक इंग्रजीत लिहिलं होतं: पूर्वविवाह विसर्जित. त्याच ओळींखाली आईची सही होती.

"आई, हे तू... तुला तेव्हा—"

"वाचता येत होतं मला. बी.ए. होते मी, फर्ग्युसनची." आवाज चढला नव्हता. "ह्यांना वाटलं, नवी नवरी आहे, थंडीने कुडकुडतेय, दाखवू तिथे सही करेल. केली."

"कधी विचारलं नाहीस?"

"विचारायचं कशाला? सांगायचं त्यांनी होतं." त्यांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "दर सप्टेंबरला फुलं घेऊन दारात उभे राहायचे. वाटायचं, आज सांगतील. मी चहा टाकायचे आणि वाट बघायचे. हॉस्पिटलात शेवटच्या रात्रीसुद्धा बघितली."

उल्काने पर्समधून पुस्तक आणि नक्कल काढून टेबलावर ठेवली. आईने रेनाटेचं नाव बोटाने वाचलं, समासातल्या ओळींवरून बोट फिरवलं.

"यात दोष कुणाचा लिहिलाय?"

"इथे नाही. कोर्टाच्या निकालात असेल. त्या काळी कुणालातरी दोषी ठरवावंच लागे म्हणे. पुष्कळ नवरे मुकाट्याने आपल्यावर घ्यायचे. मागवू?"

"नको." मधुमतीबाईंनी पुस्तक मिटलं. "तो हिशेब तिचा आहे."

मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. तारखेच्या जागी बावीस सप्टेंबर लिहिलं, आणि सातव्या प्रश्नापुढे, अक्षर जराही न हलता, होय.